घटस्फोटानंतरचा वारसाहक्क
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी आम्ही घटस्फोटाचा विषय काढावा, हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या भगिनींची दैना पाहिल्यावर मौन धारण करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने विधवेस मुलामुलींच्या व सासूच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील वारस ठरविले. मात्र पतीच्या मृत्युसमयी ती त्याची पत्नी असली पाहिजे. न्यायालयाने विवाहविच्छेदाचा हुकूमनामा दिला, की उभयता परस्परांचे वारस राहत नाहीत. मुलांचा हक्क अबाधित असतो. ती आईकडे वाढली म्हणून बापाच्या इस्टेटीतून बाद होत नाहीत. न्यायालयीन विभक्तता ही गोष्ट निराळी. तीत विवाह कायम असतो, म्हणून वारसाही कायम. हा भेद शिकल्यासवरलेल्यांच्याही ध्यानी नसतो.

मग घटस्फोटितेच्या हाती उरते काय? स्त्रीधन सर्वस्वी तिचेच. ते सासरी केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. शिवाय 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या 25 व्या कलमाखाली कायम पोटगी मागता येते व जरूर तर ती पतीच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवून सुरक्षित करून घेता येते. हा बोजा मागण्यास विसरू नये. कोरड्या आश्वासनावर चूल पेटत नाही.

आता आमच्या मनास डाचणारी गोष्ट सांगतो. पंचांसमक्ष स्टँपकागदावर सोडचिठ्ठी लिहिली की मोकळे झालो, असा समज आपल्यात अद्याप आहे. रूढीने होणारी फारकत 1955 च्या कायद्याने राखली आहे खरी. पण ती रूढी जुनी, निश्चित व अखंड चालत आलेली आहे, हे पुराव्याने शाबीत करावे लागते. एका गृहस्थांनी अशीच सोडचिठ्ठी घेऊन दुसरा संसार मांडला. ते निवर्तल्यावर दोघी न्यायालयात उभ्या राहिल्या. रूढी शाबीत झाली नाही. पहिली कायद्याने विधवा ठरली. जिने दुखण्यात त्यांची उशापायथ्याशी बसून शुश्रूषा केली, ती दुसरी वारस ठरली नाही. 16 व्या कलमामुळे तिच्या मुलांना बापाच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, एवढेच. त्या कागदावर पंच म्हणून आमचीही सही होती. ती बाई कचेरीत येऊन एवढेच म्हणाली, "दादा, तेव्हा तुम्हीच तर म्हणाला होता, आता काही अडचण नाही." आम्हांस उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून अशा कागदावर आम्ही सही करीत नाही. ज्यांच्या घरी असा कागद असेल, त्यांनी भोजनोत्तर मंडपामागील खोलीत आम्हांस निःसंकोच भेटावे. आम्ही सायंकाळपर्यंत तेथेच आहोत.