नंबर तोच, बिऱ्हाड नवे

मी बी. ए. झालेला, गझला लिहिणारा माणूस. तंत्रज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की त्याचा फटका मी खाल्ला आहे.

काही वर्षे मी एका संकेतस्थळावर गझला टाकत असे. कुवेतला नोकरी करणारे, मूळचे रत्नागिरीकडचे एक गृहस्थ प्रत्येक शेराच्या मात्रा मोजायचे आणि ‘कविमहाशय, इथे अडखळलात’ असे कळवायचे. एके दिवशी ते संकेतस्थळच बंद झाले. गझला वहीत होत्या, राहिल्या. ते गृहस्थ मात्र हरवले. त्यांचा दुसरा पत्ता माझ्याकडे नव्हता.

हे माझ्या एकट्याचे नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. मराठीतही चालणारे बंगळूरचे ‘कू’ २०२४च्या जुलैत बंद पडले. मालक उठला की सगळा मोहल्लाच उठतो.

मोबाइलचे पाहा. जानेवारी २०११पासून देशभर कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो, आणि एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या फोनला लागतोच. तशीच काहीशी सोय ‘मॅस्टोडॉन’मध्ये आहे. २०१६ साली जर्मनीतल्या एका तरुणाने ते सुरू केले. हे आपल्या मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांसारखे. प्रत्येकीची कमिटी वेगळी, वॉचमन वेगळा, पण टपाल सगळीकडे पोहोचते. त्या टपालाचे सामायिक नियम म्हणजे ‘ॲक्टिव्हिटीपब’. २०१८ साली त्याला वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली.

नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या एका ज्येष्ठ वकिलांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर कितीतरी भारतीय रागावून तिकडे गेले. बरेच परतलेही. रागाच्या भरात थाटलेले बिऱ्हाड फार टिकत नाही!

मॅस्टोडॉनवर सोसायटी बदलली तर वाचक आपल्याबरोबर येतात, जुने लिखाण मागे राहते. ‘ब्लूस्काय’चे नियम लिखाणही बरोबर नेता यावे अशा बेताने रचले आहेत. मला वाचक आले तरी पुरे. लिखाणाला वही आहे.

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या चिटणिसांना मी म्हटले, “मराठी लिहिणाऱ्यांसाठी अशी एक सोसायटी आपणच का चालवू नये?” ते म्हणाले, “महिन्याचे भाडे वर्गणीतून काढू हो. पण रात्री अकराला कोणी शिवीगाळ करायला आला, तर त्याला बाहेर कोण काढणार?”

प्रश्न रास्त होता. आठवड्यातल्या दोन रात्री मी बसेन, असे सांगून आलो आहे. उरलेल्या पाच रात्रींसाठी माणसे शोधतो आहे.