काचपट्टीवरचं संशोधन

संशोधनाला आधी महागडी यंत्रं लागतात, असं आपण धरून चालतो… पण आधी लागतो तो नेमका प्रश्न. उदाहरण घेऊ. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात पदार्थांच्या पातळ थरांवर बरीच वर्षं काम चाललं आहे. थर बनवायची एक रीत अशी: चंचुपात्रात द्रावण घ्यायचं… त्यात काचपट्टी बुडवून ठेवायची… काचेवर हळूहळू थर धरतो. या पद्धतीला निर्वात यंत्र लागत नाही. असे थर सौरघटात कामी येतात.

कुणी म्हणेल, स्वस्तातलं काम कच्चंच असणार. शंका रास्त आहे. एकसारखा थर बसवणं खरंच अवघड. म्हणून तर मोजमाप हवं, संगणकावरची आकडेमोड हवी, खर्चाचा हिशेब हवा… आणि हात बसलेले विद्यार्थी हवेत. पण आधी प्रश्न, मग यंत्र. विज्ञान शाखेतल्या मुलांनो, आपल्या शिक्षकांना पातळ थरांविषयी जरूर विचारा.