क्रौर्य शहाण्यांचंच असतं



1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगमंचावर आणलं. भावांनी पोटात लाथा घालून गर्भ पाडलेली माणिक लडखडत बाहेर येते आणि तिच्या पातळावर रक्ताचा डाग असतो. सेन्सॉरने त्या डागाला हरकत घेतली. लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर करून टाकलं, की प्रेक्षकांनी हा निळा डाग लाल समजावा. अर्धशतक उलटलं, पण डाग निळा करून मागणारे संपले नाहीत. औशाच्या या संमेलनात आज सकाळच्या परिसंवादातही ते होतेच. कथा-नाटकांत वेडे, खुनी, अघोरी लोक फार झाले, हे आपल्या मातीतलं नाही, लिहिणाऱ्यांची मनंच विकृत झाली आहेत, असं तिथे सांगितलं गेलं. मी गूढकथा लिहिणारी बाई आहे. ही तक्रार ज्यांच्याविषयी आहे त्यांत मी येते, म्हणून उत्तर द्यायचं काम माझं आहे.

आपल्या मातीतलं नाही, असं कोण म्हणतं? 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये लहान मुली आणि बाया एकामागून एक मारल्या गेल्या. खटल्यात गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीची लालसा पुढे आली. न्यायालयाने काहींना दोषी धरलं, काहींना सोडलं. कोण सुटलं आणि कोण नाही, हा आजचा माझा विषय नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या खुनांमागे हिशेब होता. कुणाचं रक्त घेतलं की काय मिळेल, याचा हिशेब. वेडाच्या भरात असा हिशेब जमत नाही.

आणखी मागे जा. अश्वत्थामा घ्या. वडावर झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारत असतं, ते तो बघत बसतो. बघतो आणि शिकतो. कृपाचार्य अडवतात, त्यांच्याशी तो वाद घालतो, युक्तिवाद करतो, आणि मग झोपलेल्या छावणीत शिरून द्रौपदीची पाच मुलं मारतो. आपल्या आजीने त्याची पुढची गोष्ट सांगितली, कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणाऱ्या माणसाची. पण त्याला वेडा म्हणून तिने सोडून दिलं नाही. मराठी लोककथेला हे कळतं आणि आमच्या परिसंवादाला कळत नाही, याचा मला राग आहे.

तेंडुलकरांची माणसं नीट वाचा. 'गिधाडे'तले रमाकांत आणि उमाकांत भ्रमिष्ट नाहीत. बहिणीच्या प्रियकराकडून पैसे उकळायचा बेत फसतो आणि त्यानंतर लाथा पडतात. 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी आठवा. पोथी-पूजा करणारी, मुंगीशी आणि कावळ्याशी मायेने बोलणारी. सखारामच्या हातून चंपा मरते तेव्हा तो दगड होऊन बसतो, आणि प्रेत पुरायचं कसं हे लक्ष्मी ठरवते. खणायला तीच लागते. 1972 साली या नाटकावर बंदी आली. कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. लोक भडकले ते सखारामच्या शिव्यांवर. लक्ष्मीवर फार कुणी बोललं नाही, कारण ती आपल्या घरातली होती. त्या नाटकातली सगळ्यांत भयंकर व्यक्ती तीच आहे असं मी मानते, आणि तिच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही.

दोस्तोयेव्हस्कीने 1866 साली हेच केलं. त्याचा रस्कोल्निकोव्ह आधी लेख लिहितो, असामान्य माणसाला गुन्ह्याचा अधिकार असतो असं सिद्ध करतो, आणि मग कुऱ्हाड उचलतो. त्याला फणफणून ताप चढतो तो खुनानंतर. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तल्या सुधाकराचंही तेच. बायको-मूल हातून गेल्यावर त्याला जे उमगतं, ते शुद्धीवर आलेल्या माणसाचं उमगणं आहे, आणि शुद्धीवर येणं त्याला सोसत नाही. अपराधाची जाणीव हीच या माणसांची शेवटची शहाणी गोष्ट असते. जिथे ती जाणीव उगवतच नाही, तिथे खरा अंधार असतो.

आता आम्हा गूढकथा लिहिणाऱ्यांना दोन शब्द. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी वाचकांच्या दोन पिढ्यांना रात्री दिवा लावून झोपायला लावलं. त्या वारशावर आज जे पोसले जातात त्यांतले कितीतरी आळशी आहेत. शेवटच्या पानावर खुनी कोण, तर इस्पितळातून पळालेला वेडा. झालं, सुटलो! कारण शोधायला नको, शेजारी बघायला नको, घरात तर मुळीच बघायला नको. हे लेखन भयकथा म्हणूनसुद्धा खोटं आहे. आणि त्याची किंमत कोण देतं? ज्याने कुणाला चापट मारली नाही, तो गावातला आजारी माणूस देतो. पोरं त्याच्यावर दगड टाकतात, कारण वेडा म्हणजे खुनी हे त्यांनी वाचलेलं असतं, पाहिलेलं असतं.

त्या माणसाची अवस्था तुम्हाला माहीत आहे. बाहेरचं लागलं, करणी झाली, म्हणत त्याला देवरुश्याकडे नेतात. कुठे गोठ्यात साखळीने बांधतात. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे, पण कायदा गोठ्यापर्यंत पोचायचा आहे. राज्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. यातलं मराठवाड्यात कोणतं? औशाच्या बाईने आपल्या लेकाला घेऊन तीनशे किलोमीटरांवर जायचं, आणि आम्ही कथेत तिच्या लेकाच्या हातात सुरा द्यायचा. हा क्रूरपणा लेखणीचा आहे, आणि तोही पूर्ण शुद्धीत केलेला.

अपराधाच्या जाणिवेविषयी बोलायला या औसा तालुक्याइतका अधिकार महाराष्ट्रात क्वचित कुणाला असेल. 30 सप्टेंबर 1993चा भूकंप. गणपती बोळवून लोक झोपले होते, चार वाजायला चार मिनिटं कमी होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली. पुनर्वसित गावांत मी अनेकांशी बोलले आहे. अंगणात झोपला म्हणून वाचलेला बाप आत निजलेल्या लेकरांचा हिशेब अजून स्वतःकडे मागतो. त्याने काहीही केलेलं नाही. भूकंपानंतर या माणसांच्या मनाचा अभ्यास झाला, त्याची धुरा डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती. 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस उभा करणारे हेच आगाशे. रंगमंचावर जो नाना दुसऱ्याच्या लेकीचा उपभोग घेतो आणि ढळत नाही, तो साकारणारा डॉक्टर, निरपराध असून आतून जळणाऱ्या माणसांत येऊन बसला. अपराधाचं ओझं वाटताना नियतीने केलेला अन्याय याहून स्पष्ट मला कुठे दिसलेला नाही. ज्यांनी केलं ते घोरतात, ज्यांनी केलं नाही ते जागे. काळोखी कथा-नाटक हा एकच दरबार मला ठाऊक आहे, जिथे हे ओझं निदान काही काळ योग्य डोक्यावर ठेवलं जातं. तो दरबार बंद करा असं तुम्ही म्हणता?

कारण तसं म्हटलं जाणार आहे. संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात ठराव येतो आहे, की महाविद्यालयीन एकांकिकांतून हिंसा, वेड आणि अघोरी विषय वगळावेत. अध्यक्ष म्हणून मी आत्ताच सांगते, माझा विरोध आहे आणि तो इतिवृत्तात नोंदवला जावा. अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींनी घरातला मार, भावकीतला विष-प्रयोग, हुंड्यासाठीचा छळ पाहिलेला आहे. ते लिहू नका म्हणणं म्हणजे पाहिलेलं गिळा म्हणणं.

त्याऐवजी दोन ठराव मी देते, मसुदा तयार आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञाची नियमित तपासणी असावी, ही मागणी या संमेलनाने शासनाकडे करावी. आणि किल्लारी परिसरात जे वाचले त्यांचं म्हणणं या संमेलनाने लिहून घ्यावं. तेव्हा तिशीत असलेले आता साठीपार गेले आहेत, वेळ फार नाही. सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदनाला कोण उभं राहणार, ते संयोजकांनी जेवणाच्या सुट्टीतच मला कळवावं.