बारा व्होल्टला भ्यायचे कशाला?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचा विषय सकाळी झाला, कर्जाचा दुपारनंतर होईल. मधला हा अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे तो एका तारेसाठी. हसू नका. ती तार आम्हीच चुकीची जोडली होती आणि तिची किंमत दुसऱ्याच्या पोराने मोजली.

चार-पाच वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची गोष्ट. वेचणी चालू असताना अवकाळी पाऊस आला. काळ्या जमिनीतली पांदण तुम्हांला माहीत आहे. कापसाने भरलेली ट्रॉली आसापर्यंत रुतली. आमच्या जुन्या जीपला पुढे विजेचा विंच बसवलेला होता. विंच विकत घेतला, पण त्याच्याबरोबरची जाड तार आखूड पडली, म्हणून विहिरीवरच्या सबमर्सिबलची उरलेली केबल जोडून टाकली. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालते त्या केबलवर, हा एवढासा विंच चालणार नाही होय? कृषी पदवीधर माणसाचे हे गणित!

दोर ताणला, ट्रॉली हलेना, आणि बोनेटमधून धूर आला. केबलचे रबर वितळून उघडी तार चासीला टेकली. बंद करायला स्विच नव्हता. शेजारच्या सालदाराच्या पोराने बॅटरीचा क्लॅम्प हाताने ओढला. तळहात भाजला, दोन बोटे अजून नीट मिटत नाहीत. आम्ही माती फेकून आग विझवली. मागे वर्षाचा कापूस उभा होता, तो वाचला हे नशीब.

आता ते गणित नीट करू. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर ७-८ अँपिअर घेते. विंचही जोर लागला की जवळपास तेवढीच ताकद खातो, पण त्याच्याकडे दाब फक्त १२ व्होल्टचा. दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त: ३०० अँपिअर, मोठा विंच अडकला तर ४०० च्याही वर. तार तापते ती प्रवाहाने, व्होल्टने नव्हे. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण बेफिकीर असतो. इथे धोका झटक्याचा नाहीच, आगीचा आहे.

बॅटरी ते विंच ३ मीटर जायचे आणि ३ मीटर परत यायचे धरा. ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत ३०० अँपिअरला सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. चालेल. १० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ३ व्होल्ट जातात, आणि तारेत ९०० वॅटच्या वर उष्णता होते, म्हणजे पाणी तापवायचा रॉड बोनेटमध्ये पेटवून ठेवल्यासारखे. आमची केबल तर ४ चौरस मिलिमीटरची होती. तेव्हा विंचच्या कागदावर लिहिलेल्या जाडीपेक्षा बारीक तार घ्यायची नाही, लांबी वाढली तर जाडी वाढवायची. ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबल स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नका.

मायनसची तार चासीच्या गंजलेल्या बोल्टला लावून मोकळे होतात. तसे नको. मायनसही तितकीच जाड, आणि थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत. प्लसची तार बॅटरीतून निघाली की वीतभर अंतरात, विंचला चालेल एवढ्या अँपिअरचा कटऑफ स्विच हवा, आणि कागदावर फ्यूज सांगितला असेल तर तोही तिथेच. फ्यूज मोटर वाचवायला नसतो, तार वाचवायला असतो. म्हणून बॅटरीपासून लांब बसवला तर अलीकडची तार उघडीच राहिली. काम नसेल तेव्हा स्विच बंद. तो असता तर त्या पोराचा हात शाबूत असता.

टोकांना तांब्याचे थिंबल, मशीनने दाबलेले. हाताने पिळून टेप गुंडाळलेला जोड नको. तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बुश, सायलेन्सरपासून लांब, आणि पंख्याच्या वाटेत नाही.

जोडताना मायनस सगळ्यांत शेवटी लावा आणि सोडताना सगळ्यांत आधी काढा. कारण सोपे आहे: मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की पाना लाल होतो. हातातले कडे, अंगठी आधी खिशात. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा तिच्यावर वाकून बिडी ओढणाऱ्याला आधी लांब पाठवा.

ट्रकवाल्यांनी ऐकावे: तुमची गाडी २४ व्होल्टची. १२ चा विंच तिला जोडू नका, आणि दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट चोरूही नका, ती बॅटरी लवकर मरते.

ओढताना इंजिन चालू ठेवा, तरी ३०० अँपिअर डायनामो देऊ शकत नाही, बाकीचे बॅटरीतूनच जाते. म्हणून थोडे ओढा, थांबा, मोटरला हात लावून बघा. दोरावर ओले गोणपाट टाका, दोराच्या रेषेत माणूस उभा नको. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला यारीऐवजी हाच विंच लावून माणूस खाली सोडायचा बेत काहीजण करतात. ओढायच्या विंचचा ब्रेक माणसाचा भार पेलण्यासाठी केलेला नसतो. माणूस त्याच्यावर सोडायचा नाही, एवढेच.

जीप बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे, बोनेट उघडे ठेवले आहे. जळालेल्या केबलचा तुकडाही सीटवर आहे. जेवणाच्या सुट्टीत पाहून घ्या; आणि ज्यांच्या ट्रॅक्टरला विंच आहे त्यांनी घरी गेल्यावर पहिल्या ओढीनंतर विंच थांबवून, कटऑफ बंद करून प्रत्येक जोडाजवळ हात न्यावा. जो जोड गरम लागेल तो सैल आहे, तो आधी उघडा.