बांधापासून बंदरापर्यंतची कामं



बारावीचे निकाल तोंडावर आलेत. मुलाला शेतीत घालायचं नाही, मग कशात घालायचं, हा घोर इथे बसलेल्या अनेक आईवडिलांना लागलेला असणार. कृषी पदवी घेतलेली मुलंसुद्धा एक तर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिसतात, नाही तर कर्ज काढून प्रक्रिया उद्योग टाकायच्या बेतात. शेत आणि ताट यांच्या मधे जी कामं आहेत, तिकडे मात्र कुणी फिरकत नाही. मला त्या कामांबद्दल बोलायचंय.

आपल्या नाशिकचं द्राक्षच घेऊ. निर्यातीचा माल सकाळी लवकर, मणी गार असताना तोडतात. त्याआधी मण्याची फुगवण मोजलेली असते, रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून गोडी पाहिलेली असते. क्रेट पॅकहाउसला आल्या की बायका घड देठाला धरून उचलतात. मण्यांवरची लव पुसली जाऊ नये म्हणून बोट कुठेही टेकू देत नाहीत. बारक्या टोकाच्या कात्रीनं तडकलेला, उन्हानं भाजलेला, लहान राहिलेला मणी नेमका काढतात, शेजारच्याला धक्का न लावता. मग पनेट, पेटी, गंधकाचा कागद. तोडणीपासून चार ते सहा तासांत माल प्री-कूलिंगला जाऊन चार अंशांपर्यंत उतरावा लागतो, पुढे शून्य ते एक अंशावर राहावा लागतो. समुद्रातून युरोपला पोचायला कित्येक आठवडे लागतात. इथे दोन तास हयगय झाली तर तिथे पेटी उघडल्यावर देठ तपकिरी दिसतो, आणि मणी कितीही गोड असला तरी भाव पडतो.

आता यातली माणसं मोजा. तोडणीचा दिवस ठरवणारा, प्रतवारीवर उभा राहणारा, कॉम्प्रेसर सांभाळणारा, प्रयोगशाळेत रसायनांचे अंश तपासणारा, कंटेनरची कागदपत्रं करणारा. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलेल्या मुलाला इथे पदवीधराइतकाच मान मिळायला हवा, कारण रात्री दोन वाजता शीतगृह बंद पडलं तर सगळ्यांची नजर त्याच्याकडे लागते.

प्रयोगशाळेचं महत्त्व 2010 साली आपल्याला फार महागात कळलं. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागांमध्ये सर्रास वापरलं जायचं. बागांची नोंद ठेवणारी ग्रेपनेट व्यवस्था 2006 पासून होती, पण हे रसायन तपासणीच्या यादीत नव्हतं. युरोपात त्याचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि भरलेले कंटेनर अडकले. वर्षभर राबलेले बागायतदार कर्जात गेले. आयात करणाऱ्या देशाचा नियम वेळेवर वाचणारं, तो बांधावर जाऊन समजावणारं माणूस गावागावांत असायला हवं. ही पूर्ण वेळाची, अभ्यासाची नोकरी आहे.

शिक्षणाची सोय आपल्याकडे कमी नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, अन्नतंत्रज्ञानासाठी म्हैसूरची संस्था 1950 पासून आहे. पण प्रवेश घेण्याआधी, किंवा यंत्राची ऑर्डर देण्याआधी, एक हंगाम पॅकहाउसमध्ये उभं राहा, असं मी कळकळीनं सांगेन. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान मिळतं, ते घ्यावंच. मात्र माल कुठे खराब होतो आणि कोण परत पाठवतं, हे डोळ्यांनी पाहिलेला मुलगा तेच पैसे वेगळ्या यंत्रावर खर्च करेल.

या कामाचे हालही सांगायला हवेत. जानेवारी ते एप्रिल रात्रपाळ्या, आणि मे महिन्यात कित्येकांना घरी बसवलं जातं. याहून मला खुपतं ते वेगळंच. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बायका वर्षानुवर्षं हा माल हाताळतात. कुठला घड टिकेल हे त्या लांबून सांगतात. तरी सुपरवायझरच्या खुर्चीवर बसतो तो कालपरवा आलेला पदवीधर. त्यांना अन्नसुरक्षेचं रीतसर प्रशिक्षण देऊन त्या खुर्चीवर बसवलं पाहिजे. आणि तुम्ही पदवीधर असाल तर पहिला महिना त्यांच्याच शेजारी कात्री घेऊन बसा.

भरतीची बोलणी दिवाळीनंतर सुरू होतात. जाल तेव्हा पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: द्राक्ष संपल्यावर शीतगृहात काय ठेवता, आणि नेमणूकपत्र हंगामाचं देता की वर्षाचं?