कॉलबॅकमधला 'धिस' कोणाचा?

(धारूर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



जावास्क्रिप्ट शिकणारी आपली मुले एका शब्दापाशी हटकून अडतात. तो शब्द म्हणजे 'धिस'. 1995 साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत ही भाषा रचली. नवशिक्यांना हा शब्द आजही चकवतो.

समजा, धारूरच्या पेठेत एक गृहस्थ शेजारच्या मुलाला सांगतात, "दुकानात जा आणि म्हण, 'पाच किलो साखर माझ्या नावावर मांडा.'" मुलगा शब्दन् शब्द तसाच म्हणतो. दुकानदार कोणाच्या नावावर मांडणार? बोलणाऱ्याच्या! निरोप तोच, पण 'माझ्या'चा धनी बदलला.

'धिस' हा असाच शब्द आहे. साधे फंक्शन कोठे लिहिले यावर नव्हे, तर ते कसे बोलावले गेले यावर त्याचा अर्थ ठरतो. 'ग्रंथालय.आठवण()' असे बोलावले, तर 'धिस' म्हणजे ग्रंथालय. (अशी देवनागरी नावे जावास्क्रिप्टला चालतात, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.) परंतु कंस गाळून तेच फंक्शन 'सेटटाइमआउट'च्या हाती दिले, की टिंबाच्या डावीकडचे ग्रंथालय मागेच राहते. ब्राउझरमध्ये मग 'धिस' म्हणजे 'विंडो' होते, आणि 'धिस.पुस्तक' विचारले तर 'अनडिफाइन्ड' उत्तर येते. तेच फंक्शन 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर'ने बटणाला जोडले, तर 'धिस' म्हणजे ते बटण! पुष्कळदा यंत्र तक्रारही करीत नाही. मग 'हे आपल्याला जमणारे नाही' असे समजून मुलगा वही मिटतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो.

उपाय दोन. 2009 च्या आवृत्तीत 'बाइंड' आले. हे चिठ्ठीवर नाव लिहून देण्यासारखे. कोणीही नेली तरी खाते ठरलेले. मात्र 'बाइंड' दर वेळी नवे फंक्शन देते. बटणावरून ते पुढे काढायचे असेल, तर एकदाच बांधून एका नावाखाली जपून ठेवावे. पुन्हा 'बाइंड' करून काढू गेलात, तर जुने तसेच चिकटून राहते.

2015 साली बाणाचे फंक्शन आले. त्याला स्वतःचा 'धिस' नसतोच. ज्या फंक्शनाच्या पोटात ते लिहिले, त्याचाच 'धिस' ते वापरते. म्हणून ग्रंथालयाचे 'आठवण' हे फंक्शन साधेच लिहावे आणि त्याच्या आतला कॉलबॅक बाणाचा करावा. 'आठवण'च बाणाचे केले, तर त्याला ग्रंथालय सापडणार नाही.