एका फेजवर तीन फेजचं यंत्र



मिरची कांडपाचं जुनं यंत्र स्वस्तात मिळतं. गट पैसे जमवतो, यंत्र टेम्पोतून अंगणात उतरतं, नारळही फुटतो. मग वायरमन येऊन मोटार बघतो आणि म्हणतो, "ताई, ही थ्री फेजची आहे, तुमच्या घरात तर सिंगल फेज." सगळ्यांचे चेहरे उतरतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, एक कपॅसिटर लावून टाका, चालेल की! चालतंही ते. दोन दिवस. मग मोटार जळते.

यावरचा नीट उपाय म्हणजे रोटरी फेज कन्व्हर्टर. नाव मोठं आहे, पण वस्तू साधी. ती म्हणजे एक जास्तीची थ्री फेज मोटार. तिच्यावर पट्टा नसतो, ती नुसती रिकामी फिरते. तिला घरातली फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा दिल्या तर ती आपोआप सुरू होत नाही, जागेवर गुणगुणत तापत राहते. पण सुरुवातीला कपॅसिटरचा जोर देऊन तिला फिरवलं की ती फिरतच राहते, आणि तिच्या तिसऱ्या टोकावर वीज तयार होते. घरातल्या दोन तारा आणि ही तिसरी मिळून आपल्या यंत्राला तीन तारा मिळतात. ही रिकामी मोटार आपल्या सर्वांत मोठ्या यंत्रापेक्षा मोठी हवी, साधारण दीडपट. यंत्र २ हॉर्सपॉवरचं असेल तर ती ३ची घ्यावी.

आता एक गोष्ट लक्ष देऊन ऐका, इथेच पैसे बुडतात. थ्री फेज मोटारीच्या पाटीवर बहुधा ४१५ व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या घरात २३०. कन्व्हर्टर तिसरी फेज देतो, व्होल्टेज वाढवत नाही. लहान मोटारी बऱ्याचदा आतून स्टार जोडणीच्या असतात. डबीत सहा टोकं असतील तर वायरमन ती डेल्टात जोडून देतो, मग तीच मोटार २३०वर नीट चालते. पण मोटार ४१५वरच डेल्टा असेल, तर २३०वर तिचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मिरची टाकली की ती थांबते, तापते आणि वास सुटतो. हे दोन्ही मोटारींना लागू आहे, रिकाम्या मोटारीलाही आणि यंत्राच्याही.

मोटारीवर, पेटीवर आणि यंत्रावर अर्थिंग हवंच. मेनला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा एमसीबी आणि त्याच्याबरोबर आरसीसीबी लावा. सुरू-बंद करायला साधा खटका नको, बटणाचा स्टार्टर हवा, आणि त्यात ओव्हरलोड रिले. का, ते सांगते. आपल्याकडे वीज जाते आणि न सांगता येते. खटका तसाच चालू राहिला, तर वीज परत आली की रिकामी मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणत जळते. त्यात कोणी मैत्रीण यंत्राचा जाम काढत असेल तर काय होईल, तुम्हीच बघा. स्टार्टर वीज गेल्यावर सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही. त्याची कॉइल मात्र घरच्या फेज-न्यूट्रलवरच जोडायची, तयार झालेल्या तिसऱ्या तारेवर नाही.

कपॅसिटरबद्दल मी स्वतः शिकले ते असं. वायरिंग शिकत होते तेव्हा मेन बंद केला, झालं म्हणून हात घातला. झटका कोपरापर्यंत गेला आणि डोकं मागच्या भिंतीवर आदळलं. मेन बंद झाला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, २३०च्या जोडणीत ती ३०० व्होल्टच्याही वर असू शकते. म्हणून प्रत्येक कपॅसिटरच्या टोकांवर रेझिस्टर बसवून घ्या, म्हणजे साठलेली वीज हळूहळू उतरते. तरीही पेटी उघडण्याआधी वायरमनने मीटरने तपासायलाच हवं. पेचकस लावून ठिणगी पाडण्याची पद्धत सोडा. सुरू करायचा कपॅसिटर काही सेकंदांतच सुटला पाहिजे, नाहीतर तो फुटतो. सतत राहणारा वेगळा, ४४० व्होल्टचा, मोटार रनचा.

चालवताना आधी रिकामी मोटार, ती पूर्ण वेगात आली की यंत्र, आणि यंत्रही रिकामं असताना सुरू करायचं. मिरची नंतर. चाक उलटं फिरलं तर यंत्राच्या दोन तारांची अदलाबदल करायला सांगा. पट्ट्यावर आणि रिकाम्या मोटारीच्या दांड्यावर जाळी हवी. पदर खोचलेला, वेणी बांधलेली. मिरचीची पूड मोटारीच्या पंख्यात बसते, म्हणून पेटी आणि मोटार कांडपाच्या खोलीबाहेर, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर.

खरं सांगू? यंत्र एकच असेल तर हा खटाटोप करू नका. सिंगल फेजची मोटार बसवा, किंवा सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी घ्या. गिरणी, कांडप आणि शेवयांचं यंत्र अशी दोन-तीन थ्री फेज यंत्रं असतील तर कन्व्हर्टर परवडतो. रिकामी मोटारही वीज खाते, काम संपलं की बंद करायची. मंजूर भार किती आहे तेही वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्या. जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच, घरच्या भावाकडून नाही, कितीही हुशार असला तरी.

आणि जुनं यंत्र बघायला जाल तेव्हा मोटारीच्या पाटीचा आणि डबीतल्या टोकांचा फोटो काढा. डबी उघडायच्या आधी वीज बंद करून घ्या. फोटो वायरमनला दाखवा, मगच विसार द्या.